‘नुसते ओठ जुळवायचे’ म्हणणाऱ्या नेरूळकरांना उत्तर

नेरूळकर, सिनेमात गाणारी आणि नट्यांना आवाज देणारी, म्हणजे डबिंग करणारी, चिन्मयी श्रीपाद हिच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते मी उडवलेलं नाही, तसंच ठेवलंय. ज्यांच्या नजरेतून सुटलं असेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. टॅलेंट शो जिंकलेल्या शंभरांतल्या एकीचं कौतुक करून मी ठाणे-नवी मुंबईतल्या आईबापांना हरभऱ्याच्या झाडावर चढवतेय. तिला गाणी मिळेनात म्हणून ती डबिंगकडे वळली. युनियनच्या भानगडी उकरायची गरज नव्हती. लेख फार लांब आहे. आणि शेवटी, ‘एसीत बसून नुसते ओठ जुळवायचे, त्यात कसली आलीय कला, ताई?’

लेख लांबलाय, हे मान्य. मोबाईलवर वाचणाऱ्यांसाठी परिच्छेद तोडायला हवे होते. पण त्या ‘ताई’मागे जे हसरे इमोजी चिकटवलेत, ते कशासाठी? मतभेद असू द्या की. गडकरी रंगायतनच्या कट्ट्यावर समोरासमोर भेटलो असतो तर हे वाक्य तुमच्या तोंडून असं निघालं असतं का?

असो. ओठ जुळवण्याबद्दल बोलू. स्टुडिओतल्या काचेच्या दोन्ही बाजूंना, माइकसमोर आणि रेकॉर्डिंगच्या कन्सोलवर, माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. तेव्हा हे ऐकीव नाही.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंदांची. आवाज ओठांच्या आधी आला तर एवढासा फरकही खटकायला लागतो. मागून आला तर तीनेक फ्रेमपर्यंत खपून जातं, कारण दृश्य आधी आणि आवाज मागून ही आपल्या कानांची रोजची सवय. म्हणून नवशिके घाई करतात तिथेच पकडले जातात. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात. ती जागेवर पडली नाहीत तर बाकी वाक्य कितीही नेमकं असो, टेक गेला. इथपर्यंत तुमचं ‘जुळवणं’. आणि हल्ली यातलं बरंच काम रेकॉर्डिस्ट नंतर माऊसने सरकवूनही करतो.

न सरकवता येणारी गोष्ट श्वास. हेडफोनमध्ये पायलट, म्हणजे शूटिंगच्या वेळचा कच्चा आवाज, वाजतो, पडद्यावर नटी जिना चढून आलेली असते आणि तुम्ही एका जागी उभ्या. तिची छाती जिथे भरते तिथे तुमची भरायला हवी, नाहीतर वाक्य बरोबर येऊनही बाई दुसरीच बोलतेय असं वाटतं. हुंदका, अर्धवट हसू, आवंढा या रिअ‍ॅक्शन वेगळ्या घेतात. रडारड आणि किंचाळ्या सेशनच्या शेवटी, कारण एकदा घसा बसला की आधीच्या वाक्यांशी आवाजाचा पोत जुळत नाही. माइक वीतभर लांब आणि तोंडाच्या रेषेतून जरासा बाजूला, नाहीतर ‘प’चा फटका बसतो. बांगड्या काढून ठेवायच्या, खळ दिलेली साडी नको, आणि उपाशी पोटी तर मुळीच यायचं नाही. पोटातली गुडगुड माइक इमानेइतबारे उचलतो!

गाणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. सुराची सवय असल्याने स्वर लांबतात, वाक्याचा शेवट नकळत ठरावीक सुरावर येऊन बसतो आणि संवाद गोड होतो. गोड संवाद म्हणजे मेलेला संवाद.

आता २०१० बघा. दिग्दर्शक गौतम मेनन यांनी एकच कथा दोन भाषांत केली, तमिळमध्ये त्रिशा आणि तेलुगूत समंता. जेसी हे पात्र दोन्हीकडे तेच, दोन्ही सिनेमे एकाच दिवशी लागले आणि दोघींचा आवाज चिन्मयीचा. तेलुगू शब्द बहुतांशी स्वरावर संपतात, म्हणजे वाक्याच्या शेवटी तोंड उघडं. तमिळमध्ये पुष्कळदा व्यंजनावर मिटतं. चेहरे दोन, बोलण्याची लय दोन. तेलुगू कामाला आंध्र सरकारचा नंदी पुरस्कार मिळाला. नुसते ओठ जुळवून मिळाला म्हणता?

‘गाणी मिळेनात’ हे तर तारखांनीच खोटं ठरतं. सन टीव्हीच्या ‘सप्तस्वरंगळ’ स्पर्धेनंतर २००२ मध्ये रहमानकडे पहिलं गाणं. २००६ मध्ये भूमिका चावलाला आवाज दिला, आणि लगेच २००७ मध्ये ‘गुरू’तलं ‘तेरे बिना’. २०१३ मध्ये ‘चेन्नई एक्सप्रेस’मधलं ‘तितली’. २०१६ मध्ये अजय गोगावलेंसोबत ‘सैराट झालं जी’, जे तुमच्या नेरूळच्या मंडपातही वाजलं असणार. ‘९६’ या तमिळ सिनेमात तर त्रिशाचं बोलणंही तिचं आणि गाणंही तिचंच, त्यामुळे बोलता बोलता पात्र गाऊ लागतं तेव्हा सांधा दिसत नाही.

शो जिंकलेल्या बाकीच्या नव्व्याण्णवांचं काय, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. तिथे विचारा, इथे नको.

आणि युनियन. २०१८ च्या ऑक्टोबरात तिने एका ज्येष्ठ गीतकारावर लैंगिक छळाचे जाहीर आरोप केले आणि नोव्हेंबरात वर्गणी थकल्याचं कारण देऊन तमिळ डबिंग युनियनने सभासदत्व काढून घेतलं. कारकिर्दीवर लिहायचं आणि हे गाळायचं, असला शहाणपणा मला जमत नाही. २०२३ च्या ‘लिओ’त त्रिशाचा आवाज पुन्हा चिन्मयीचाच आहे. मूळ तमिळ ट्रॅक लावा आणि हेडफोन घालून ऐका. फोनच्या स्पीकरवर श्वास ऐकू येत नाहीत.