ब्रह्मकमळ बघायला जाताना चार्जर न्यावा

श्रावणात एखाद्या संध्याकाळी गल्लीच्या ग्रुपवर निरोप पडतो : ‘आमच्याकडे आज ब्रह्मकमळाची 7 फुलं उमलणार आहेत. बघायला जरूर या.’ पाठवणाऱ्या काकू कोपऱ्यावरच्या जुन्या बंगल्यात राहतात. एरवी त्यांच्या फाटकाशी आपला संबंध गाडी लावण्यापुरता. पण आज रीतसर बोलावणं आहे. अशा वेळी कसं वागावं हे अजून पुष्कळांना कळत नाही. लोक हात हलवत जातात, फूल बघतात, वास घेतात आणि घरी येऊन झोपतात. तुमचं असं होऊ नये म्हणून हे चार शब्द. निरोपातला ‘बघायला’ हा शब्द जुन्या वळणाचा आहे, तो मनावर घेऊ नका.

लवकर जा. फूल आठ-नऊनंतर उघडायला लागतं, पुरतं उमलायला मध्यरात्र होते. हे काकूंना पाठ आहे, कारण त्या दर वर्षी त्याच्यासाठी जागतात. तुम्ही मात्र साडेसहालाच पोचा. उजेड असतो, तेवढ्यात बाकीची बाग उरकून घेता येते.

जास्वंदीपासून सुरुवात करा. बहुतेक जास्वंदी एका दिवसाच्या. सकाळी उमललेलं फूल आता मिटायच्या बेतात असेल, तर बोटांनी उलगडा. फाटलं तर शेजारी दुसरं आहे. तो गडद लाल रंग फोनला झेपत नाही. पाकळीवरच्या शिरा, चुण्या सगळ्या बुजून एक सपाट तांबडा डाग उरतो. त्यालाच आपण ‘काय कलर आलाय!’ म्हणतो. देठापाशी पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसेल. तो पिठ्या ढेकूण. काकू रोज सकाळी साबणाच्या पाण्यात जुना टूथब्रश बुडवून एकेक फांदी घासतात, तरी तो परत येतो. हे त्या तुम्हाला सांगायला लागतील. ‘हो का, बाई!’ म्हणत पुढच्या कुंडीकडे सरकावं.

पुढे गोकर्ण. निळ्याचा जांभळा झाला तर होऊ द्या, फिल्टर लावल्यावर तो हिरवाही होऊ शकतो. दिवेलागणीला गुलबक्षी उमलते. ती एकटीच आज दिल्या वेळेला हजर आहे, पण तिला कोणी विचारत नाही, कारण ती कोणाच्याही कंपाउंडच्या कडेला उगवते. आपणही विचारू नये.

दवबिंदू हवेत ना? संध्याकाळी दव कुठलं? पण कट्ट्यावर फवाऱ्याची बाटली असते. तीच उचला आणि मारा चार फवारे. त्यात कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी असतं, वास जरा उग्र येतो. हरकत नाही. फोटोला वास नसतो. हे एक सूत्र धरून ठेवलंत तर आजची रात्र सोपी जाईल.

आता मुख्य झाडाकडे. या झाडाला ताठ उभं राहण्याची सवय नाही. ज्यांना आपण पानं म्हणतो ती खरं तर चपटी झालेली खोडंच. ती लांबतात, लोंबतात, आणि त्यांच्याच कडेला कळ्या धरतात. म्हणून काकूंनी खिडकीच्या गजांना जुन्या साडीच्या हिरव्या काठाने ती बांधून ठेवलीत. फोटोत हा काठ फार खटकतो. ‘काकू, हे जरा सोडू का?’ असं विचारा. ‘नको हं, कळ्या निखळतील. आणि तो आमच्या सासूबाईंच्या इरकलीचा काठ आहे,’ असं उत्तर येईल. हा मुद्दा गैरलागू आहे. पण बंगला त्यांचा असल्यामुळे तूर्त माघार घ्या. नंतर क्रॉप करता येतं.

एवढ्यात पाहुण्यांपैकी एक गृहस्थ घसा साफ करतील. असे एक गृहस्थ प्रत्येक ब्रह्मकमळाला असतात. ते सांगतील की हे खरं ब्रह्मकमळच नव्हे. खरं असतं ते हिमालयात, 3000 मीटरच्या वर, उत्तराखंडाचं राज्यफूल, सूर्यफुलाच्या कुळातलं. आणि हा आहे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा निवडुंग. दुर्दैवाने त्यांचं प्रत्येक वाक्य बरोबर आहे. तरी ऐकू नका. ‘मेक्सिकोच्या निवडुंगाला आज फुलं आली’ असं लिहून कोणी हात जोडलेत का आजवर? माझा स्वतःचा अनुभव सांगतो : मी एकदा तसं लिहिलं होतं. एक अंगठा आला, तोही विमा एजंटाचा.

नवाच्या सुमारास कळीचं तोंड सैल होतं. काकू हळदकुंकू वाहतात, निरांजन ओवाळतात, सगळ्यांच्या हातात मसाला दुधाचे पेले देतात. पेला कुंडीच्या काठावर ठेवावा, हात मोकळे लागतात. निरांजनाच्या उजेडात ते फूल फार सुंदर दिसतं म्हणे, पण तेवढ्या उजेडात फोटो हलतो. म्हणून फ्लॅश. फ्लॅश पडला की त्या वीतभर फुलाच्या पाकळ्यांतली सगळी सावली उडते आणि काळ्याभोर अंधारात टांगलेला टिश्यू पेपर मिळतो. पोर्ट्रेट मोड लावलात तर आणखी बहार. फुलात पुंकेसर असतात शेकड्यांनी आणि मधोमध चांदणीसारखं केसराचं टोक. कोणाला तिथे शेषशायी दिसतो, कोणाला पाळण्यातला बाळकृष्ण. फोनला ते काहीच दिसत नाही. निम्मे केसर तो मागच्या भिंतीत विरघळवून टाकतो आणि भिंतीवरचा नळ मात्र लख्ख ठेवतो.

नाइट मोडला तीन-चार सेकंद सगळं स्थिर लागतं. वाऱ्याला ही गोष्ट समजत नाही. तेव्हा एका हाताने देठ धरा, दुसऱ्या हाताने फोन, आणि टॉर्च काकूंच्या हातात द्या. ‘काकू, जरा डावीकडून. थोडा वर. नाही नाही, तुमची सावली पडतेय.’ वयाच्या मानाने काकूंचा हात चांगला स्थिर आहे. तुमच्यानंतर जोशीवहिनी, मग त्यांची सून, मग रील करणारा तो ट्रायपॉडवाला. (ट्रायपॉडचा तिसरा पाय लिलीच्या कुंडीत बरोबर बसतो.) सगळ्यांचं होईपर्यंत काकू टॉर्च धरून फुलाच्या मागच्या बाजूला उभ्या असतात. तिथून देठ छान दिसतो.

हे फूल पांढरं आणि एवढं घमघमणारं असतं ते रात्री उडणाऱ्या पतंगांना अंधारात सापडावं म्हणून, असं त्या गृहस्थांनी मघाशी सांगितलंच. आज 9 मोबाइलांचे टॉर्च चालू आहेत. पतंग आले, पण ते टॉर्चवर आले. रीलमध्ये मधे मधे येतात, त्यांना हाकला.

इथे एक विषयांतर करतो. पहाटे काठीला आकडा बांधून याच कुंपणावरून तगर आणि जास्वंद ओढणारे एक आजोबा आहेत. काकू त्यांना शिव्या देतात, आणि ते रास्तच आहे. पण कुठल्या फांदीवरची कळी उद्या उमलणार आणि कुठली परवा, हे काकूंखालोखाल त्यांनाच ठाऊक. असल्या माणसाच्या वाटेला आपण जाऊ नये.

निघण्यापूर्वी पान मागायचं विसरू नका. ‘काकू, एक पान द्या ना, लावते.’ पान मातीत खोचलं की रुजतं, दोन-तीन वर्षांनी फुलंही येतात. मधल्या दोन-तीन वर्षांचं काय करायचं, हे पान मागताना विचारण्याची पद्धत नाही. काकूंनी आजवर इतकी पानं दिली आहेत, की ती सगळी जगली असती तर आज पूर्ण गल्ली जागी असती. पान वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवा. दसऱ्याला गाडी धुताना ते सापडतं.

सव्वादहाला उठा. फूल अजून पाऊणच उघडलंय, पूर्ण उमलायला तास-दीड तास आहे, पण उद्या ऑफिस आहे, आणि बॅटरी 6 टक्के. काकू म्हणतील, ‘थांबा की, आता तर खरं...’ वाक्य पुरं होईपर्यंत चप्पल घालून झालेली असावी.

रात्रीच फोटो पाठवून द्या. फुलं 7 आणि फोटो 64, म्हणजे निवडायला वेळ जातो, तेव्हा निवडू नका. खाली लिहा : ‘हिमालयातील दुर्मीळ ब्रह्मकमळ. बारा वर्षांतून एकदाच उमलते. दर्शनाने मनोकामना पूर्ण होतात.’ नातेवाइकांचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, योगासनांचा ग्रुप. काकूंचा उल्लेख नको, वाचणारे गोंधळतात.

सकाळी सहाला काकू बागेत येतात. सातही फुलं माना टाकून लोंबत असतात, लिलीची कुंडी कलंडलेली, काठावर चार पेले, त्यातल्या एकात मुंग्या. त्या पेले गोळा करत असताना फोन वाजतो. नागपूरच्या नणंदेचा निरोप. हिमालयातलं दुर्मीळ ब्रह्मकमळ, बारा वर्षांतून एकदाच, 11 जणांना पाठवा. फोटो मोठा करून बघितला तर डाव्या कोपऱ्यात हिरव्या इरकलीचा काठ.

त्यांनी दुपारी हसत हसत तुम्हाला विचारलं, की हा फोटो कुणी काढला असेल हो, तर गडबडू नका. ‘हो का? मलाही आलाय तो,’ म्हणावं.