फीड अर्धी नको, पूर्ण द्या

मी नेमाने वाचते त्या एका साप्ताहिकाने गेल्या महिन्यात आपली आरएसएस फीड (साइटवरचं नवं लिखाण थेट वाचकाच्या अ‍ॅपमध्ये आणणारी सोय) छाटली. आता लेखाच्या दोन ओळी येतात आणि खाली 'पुढे वाचा'. मला खरंच वाईट वाटलं.

फीड म्हणजे साइटवर ठेवलेली एक साधी फाइल. लेखाचं शीर्षक, लिंक, तारीख, मजकूर. १९९९ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत डॅन लिबी आणि आर. व्ही. गुहा (हो, आपल्या आयआयटी मद्रासचे) यांनी हे सुरू केलं. माझ्या फोनमधलं रीडर अ‍ॅप थोड्या थोड्या वेळाने त्या फाइलकडे जाऊन विचारतं, मागच्या खेपेनंतर काही नवं? नसेल तर सर्व्हर ३०४ हा आकडा पाठवतो, फाइल पुन्हा उतरवावी लागत नाही. मला ना नाव द्यावं लागतं, ना ईमेल. आणि क्रम तारखेचा! वर्षातून चारदाच लिहिणारी माणसं मला दिसतात ती केवळ यामुळे.

आरएसएस जुनं झालं म्हणणाऱ्यांनी आपलं पॉडकास्ट अ‍ॅप उघडावं. फीडला ऑडिओ फाइल जोडायची सोय प्रोग्रामर डेव्ह वायनर यांनी २००० मध्ये केली, आणि पॉडकास्ट आजही तिच्यावरच चालतात. भाग एकदाच चढवायचा, वेगवेगळी अ‍ॅप्स तो आपापल्या श्रोत्यांपर्यंत नेतात. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर हे गूगलचं फीड वाचायचं साधन बंद झालं तेव्हा माझ्या फीड्सची सगळी यादी एका ओपीएमएल फाइलमध्ये (अशा याद्या ठेवायचा ठरलेला प्रकार) होती. ती दुसऱ्या रीडरमध्ये टाकली आणि वाचन पुढे चालू.

संपादकांची भीती मला कळते. पूर्ण मजकूर दिला की चोर साइट्स तो जशाच्या तसा छापतात, आणि वाचक साइटवर न आल्याने जाहिरातीही दिसत नाहीत. पण चोर मजकूर साइटवरूनही उचलतोच. अर्ध्या फीडने अडतो तो लोकलमध्ये रेंज नसताना वाचणारा माणूस. वर्गणीदारांसाठी वेगळ्या पत्त्याची पूर्ण फीड देता येते, फीडमध्येच वर्गणीचं आवाहन टाकता येतं. वर्डप्रेस या साइट चालवायच्या साधनावर तर पूर्ण मजकूर की सारांश, एवढा एकच पर्याय निवडायचा असतो.

काल संपादकांना पत्र लिहिलं. वर्गणी वाढवलीत तरी भरेन, पण फीड पूर्ण ठेवा. तुम्हीही रीडरमध्ये वाचत असाल तर तुमच्या आवडत्या संपादकांना एक ईमेल जरूर करा. असे वाचक आहेत, हे त्यांना आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही.