स्थळ पाहणे

मी यूट्यूबवर मोडी लिपी शिकवतो. हा काही गर्दी खेचणारा विषय नाही, तरीही ज्यांच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत न वाचता येणारे कागद पडून आहेत, अशी माणसे बरीच निघाली. 2023च्या दिवाळीत माझ्या मनात आले, की या मंडळींना एकत्र बसून एकमेकांचे कागद वाचता येतील अशी एखादी जागा असावी. लोक लग्नासाठी स्थळ पाहतात, तसे मी समुदायासाठी पाहू लागलो. फरक इतकाच, की इकडे नकार द्यायला दोनशे बारा वडीलधारे होते.

पहिले स्थळ अर्थातच ओळखीतले, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचे. एका ग्रुपमध्ये 1024 माणसे मावतात, त्यामुळे जागेची अडचण नव्हती. अडचण माणसांचीच होती. पहिल्या दिवशी सकाळी सहाला सूर्योदयाची चित्रे आली आणि साडेसहाला त्या चित्रांना हात जोडणारे हात आले. त्यांच्या खाली एका ताईंनी टाकलेला, पणजोबांच्या गहाणखताचा फोटो गाडला गेला. फोटो पाठवताना लहान होऊन जातो, एवढे साधे मला ठाऊक असायला हवे होते. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढतात आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे तिला लटकवत जातात. दोन शब्दांत मोकळी जागा ठेवण्याची चाल नाही. असा कागद अंधूक झाला, की गहाणखत आणि मुंग्यांची रांग यांत फरक करता येत नाही. ‘फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा,’ असे मी लिहिले, तेव्हा तीन जणांनी आपापली आधार कार्डे पाठवली.

त्यातच सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसत असल्यामुळे त्या ताईंना एका अनोळखी सभासदाचा ‘जेवलात का’ असा खासगी निरोप आला. मी त्या गृहस्थांना काढून टाकले आणि चॅनेलचा विचार करू लागलो. भारतात ती सोय त्याच सप्टेंबरात आली होती. तिथे नंबर कोणाला दिसत नाहीत, मी एकटाच बोलणार आणि बाकीच्यांनी फक्त अंगठा दाखवायचा. खरे सांगायचे तर मला ही व्यवस्था मनापासून आवडली होती. पण तिला समुदाय म्हणत नाहीत, प्रवचन म्हणतात, हे बायकोने लक्षात आणून दिले.

दुसरे स्थळ टेलिग्रामचे, आणि ते अंगापिंडाने भरलेले होते. ग्रुपला दोन लाख माणसे, 2 जीबीची फाइल, नंबर झाकून नुसत्या नावाने वावरण्याची सोय, आणि नव्याने आलेल्याला जुने बोलणेही दाखवता येते, म्हणजे ‘मोडीतला क कसा काढायचा’ हे दर आठवड्याला नव्याने सांगायला नको. मी उत्साहाने घोषणा केली. जुन्नरच्या काकांनी (हे आमचे सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत हजर सभासद) तत्काळ कळवले, “अहो, तार तर सरकारने बंद केली ना?” यावर हसण्यासारखे काही नव्हते. आपल्याकडची तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली आणि टेलिग्राम हे अ‍ॅप त्याच्या पुढच्याच महिन्यात निघाले. काकांचा केवळ एक महिना चुकला होता.

तिसरे स्थळ, डिस्कॉर्ड, माझ्या भाच्याने आणले. “मामा, प्रत्येक विषयाला वेगळी खोली करता येते. सुप्रभात वेगळं, गहाणखतं वेगळी,” एवढे ऐकूनच मी विरघळलो. ते 2015 साली गेम खेळणाऱ्यांसाठी निघाले आणि त्याच्या नावाचा अर्थच मुळी बेबनाव, या दोन्ही गोष्टी त्याने लग्न ठरल्यावर सांगितल्या. मी रात्र जागून अकरा खोल्या बांधल्या. सभासदांना हुद्दे दिले: कारकून, चिटणीस, फडणीस. आमंत्रणाचा दुवा पाठवला. तो आपोआप सात दिवसांत बाद होतो, हे भाच्याने सांगितले नव्हते. काकांनी तो आठव्या दिवशी, चांगला मुहूर्त पाहून उघडला.

अखेरीस लोकशाही मार्गाने जायचे ठरवून मी ग्रुपवर मतदान घेतले. व्हॉट्सअ‍ॅपच्या मतदानात एकाहून अधिक उत्तरे देण्याची मुभा आधीपासूनच चालू असते, ती बंद करायचे माझ्याकडून राहिले. दोनशे बारा सभासदांनी मिळून तीनशे चाळीस मते दिली आणि तिन्ही स्थळे बहुमताने निवडून आली. काकांनी तर तिन्हींना मत दिले होते. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाले, “कुणाला कशाला दुखवायचं?”

त्यानंतरच्या रविवारी दारावरची बेल वाजली. काका जुन्नरहून एस.टी.ने आले होते आणि त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेला कागद होता. फोटो नीट येत नाही म्हणता, म्हणून मूळच घेऊन आलो, असे त्यांचे म्हणणे. आम्ही खिडकीशी बसून दीड तासात तो वाचला. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन भावांत झालेला तो करार होता. चहा घेऊन काका उठले, चपला घालता घालता थांबले आणि म्हणाले, “बरं, मग आपण सगळ्यांनी भेटायचं कुठे, ते ठरलं का?”