नाताळ आहे म्हणून काहीही?

संदीपचं म्हणणं साधं होतं. मार्कने असं काय मोठं पाप केलं? कुणाला हात लावला नाही, काही मागितलं नाही. मनातलं सांगितलं आणि निघून गेला.

विषय 'लव्ह ॲक्चुअली'चा. रिचर्ड कर्टिसचा २००३ चा हा सिनेमा डिसेंबर लागला की कुणाच्या ना कुणाच्या घरी चालू असतोच, आणि वसईतल्या आमच्या कट्ट्यावर डिसेंबरमध्ये सगळे हजर असतात. त्यातला तो प्रसंग असा. लंडनमधल्या ज्युलिएटचं पीटरशी नुकतंच लग्न झालंय. मार्क हा पीटरचा जिवलग मित्र. लग्नाचं शूटिंग त्याने केलेलं. ज्युलिएट ते बघायला त्याच्या घरी जाते, तर टेपभर फक्त तिचाच चेहरा. मग नाताळच्या आदल्या रात्री मार्क त्यांच्या दारात उभा. हातात पुठ्ठ्याच्या मोठ्या पाट्या. नवऱ्याला सांग कॅरल गाणारे आलेत, असं तिला कळवतो, टेपवर कॅरल लावतो आणि एकेक पाटी दाखवत प्रेमाची कबुली देतो. पीटर आत बसलेला. मार्क वळून चालू लागतो, तर ज्युलिएट धावत येऊन त्याचं चुंबन घेते. तो पुढे जात स्वतःशीच म्हणतो, पुरे झालं आता.

"बघ," संदीप म्हणाला, "तो स्वतःच पुरे म्हणतो. आशा ठेवून आलेलोच नाही, असं पाटीवर लिहून आणतो. माणसाला मन मोकळं करायचीही बंदी आहे का?"

मेल्विनचा राग वेगळाच होता. तो दरवर्षी चर्चच्या पोरांबरोबर कॅरल्स म्हणायला घरोघरी फिरतो. "आम्ही गायला लागलो की दार सताड उघडतं," तो म्हणाला. "आजी आतून खुर्ची ओढत येते, लहान पोरं पायऱ्यांवर बसतात, अख्खं घर बाहेर येतं. याने कॅरलचं नाव कशासाठी घेतलं? घरातला दुसरा माणूस बाहेर येऊ नये म्हणून. माझ्या सणाचं गाणं लावून तू मित्राला फसवतोस."

"आणि फसवायला लावलं कुणाला?" रेश्मा म्हणाली. "तिला. प्रेम वगैरे नंतर, आधी तिच्या तोंडून नवऱ्याशी खोटं बोलवून घेतलं. तो मन हलकं करून गेला. आता रोज जेवताना पीटर समोर बसणार आणि हिच्या पोटात ते गुपित. काही मागितलं नाही म्हणे! गप्प बसणं मागितलं की."

हे मला नेमकं वाटलं. या प्रसंगावर बोलताना आपण मार्कला काय वाटलं एवढंच बोलतो. तो गेल्यावर ज्युलिएटने काय करायचं? नवऱ्याला सांगितलं तर त्याची मैत्री तुटली, नाही सांगितलं तर आपण त्यात सामील. सिनेमाला त्याची फिकीरच नाही. वर तिच्याकडून चुंबन देववून मार्कला बक्षीस देऊन टाकलं. खुद्द कर्टिसनेही २०२३ मध्ये हा प्रसंग जरा विचित्रच असल्याचं बोलून दाखवलं.

अनघा एरवी या वादांत फार पडत नाही. त्या दिवशी म्हणाली, "नोकरीच्या पहिल्या वर्षी एकजण चोवीस डिसेंबरला आमच्या बिल्डिंगखाली येऊन उभा राहिला. हातात केक, भोवती त्याचे मित्र, वर गॅलऱ्यांमधून शेजारी. सगळे म्हणत होते, अगं किती गोड! मला नाही म्हणायचं होतं, पण एवढ्या लोकांसमोर नाही म्हणणारी मीच वाईट ठरणार होते. केक घेतला, थँक्यू म्हणाले. पुढे चार महिने तो त्या थँक्यूचा अर्थ मला समजावत होता."

कुणी काही बोलेना. संदीप जरा सावरून म्हणाला की तो माणूस म्हणजे मार्क नव्हे. खरं आहे, नव्हे. पण त्या माणसाला आणि गॅलरीतल्या शेजाऱ्यांना ते गोड वाटलं ते कुठून आलं? सणाच्या दिवशी, गर्दीत, अचानक येऊन बोललं की ते प्रेमच, हे त्यांना कुणीतरी शिकवलंय.

माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे. या सिनेमांत नाताळ हा परवाना झालाय. मार्कची पाटी सांगते, नाताळ आहे, खरं बोलायचं असतं. त्याच सिनेमात पंतप्रधानाच्या घरात काम करणारी नॅटली कार्डावर तेच लिहिते, नाताळात नाही सांगायचं तर कधी सांगायचं? आणि तिची गोष्ट तर जास्तच टोचते. अमेरिकेचा अध्यक्ष पाहुणा म्हणून येतो, एकांत साधून तिच्याशी लगट करतो, पंतप्रधान ते बघतो. मग पत्रकार परिषदेत अध्यक्षाला बाणेदार उत्तर देतो, लोक टाळ्या वाजवतात. आणि नॅटली? तिची बदली. तीही गुपचूप, दुसऱ्याकरवी. शेवटी कार्डातून माफी कोण मागतं, तर नॅटली! झाल्या प्रकाराबद्दल क्षमस्व म्हणून. तिच्या जाडीवरचे टोमणे आहेत ते वेगळेच. पंतप्रधान मग दारोदार तिचं घर शोधत हिंडतो आणि आपण विरघळतो. मीही कितीदा विरघळलेय.

"मग जेमी आणि ऑरेलिया घ्या," संदीप म्हणाला. "त्यात काय खोट काढाल?"

जेमी इंग्रज लेखक, ऑरेलिया त्याच्याकडे फ्रान्समध्ये साफसफाईला येणारी पोर्तुगीज मुलगी. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. नाताळच्या आदल्या रात्री तो मार्सेयला जाऊन, मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये तिला लग्नाचं विचारतो.

"कुठे विचारतो?" अनघा म्हणाली. "ती कामावर असताना, रेस्टॉरंटमध्ये. मागे अर्धी गल्ली गोळा झालेली. काल-परवापर्यंत हा तिला पगार देत होता."

"अगं, तिनेही गुपचूप इंग्रजी शिकून ठेवलेलं असतं. तिला नको असतं तर शिकली असती का? आणि एकमेकांशी न बोलता लग्न म्हणाल तर माझी आजी लग्नाआधी आजोबांशी एक शब्द बोललेली नव्हती. पन्नास वर्षं संसार केला."

"आजीला नाही म्हणायची सोय होती का?" रेश्माने विचारलं.

संदीप म्हणाला, ते कधी विचारलं नाही.

इंग्रजी शिकल्याचा मुद्दा मात्र त्याचा बिनतोड होता. दोघंही एकमेकांसाठी धडपडतात, ती धडपड खरी वाटते. ते जोडपं टिकणारच नाही असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. फक्त एवढंच, की दोघांची एकदा तरी निवांत गाठ पडू द्यायची होती, गर्दीशिवाय.

रेश्माने मग 'हॅपिएस्ट सीझन' काढला, क्लिआ डुव्हॉलचा, २०२० चा. ॲबी आणि हार्पर या दोघी मुली प्रेमात आहेत, एकत्र राहतात. हार्पर ॲबीला नाताळसाठी माहेरी नेते आणि वाटेत गाडीत सांगते की घरी आपल्याबद्दल काहीच माहीत नाही, तू माझी रूममेट म्हणून चल. वडील महापौरपदाची निवडणूक लढवतायत, घराला शोभेची फार पर्वा. ॲबीने अंगठीसुद्धा घेऊन ठेवलेली. पुढचे पाच दिवस हार्पर तिला एकटं टाकून जुन्या मित्राबरोबर उशिरापर्यंत बाहेर राहते, वर तिलाच ऐकवते की तू मला गुदमरवतेस. आणि शाळेत असताना रायली नावाच्या मैत्रिणीशी तिने हेच केलेलं, स्वतःला वाचवायला तिला उघडं पाडलेलं. प्रेक्षकांत यावर जोरदार भांडणं झाली. कितीजण म्हणाले, ॲबीने रायलीबरोबर जायला हवं होतं.

"हार्परची भीती मला कळते," रेश्मा म्हणाली. "घरी सांगणं सोपं नसतं, ज्याचं त्याला माहीत. ती न सांगती तरी मी तिला दोष दिला नसता. पण घाबरलेल्या माणसानेही जोडीदाराला गाडीत बसवून, परत फिरायची वाट बंद झाल्यावर सांगायचं नसतं. निघण्याआधी सांगितलं असतं तर ॲबीने ठरवलं असतं."

यावर आमच्यात वाद झालाच नाही. मला त्या सिनेमाच्या शेवटाचीच अडचण आहे. सगळं उघड होतं, घर माफ करतं आणि वर्षभरानंतरचा सुखी नाताळ दाखवतात. मधलं वर्ष कुठेय? हार्परने भरवसा परत कसा मिळवला, हीच तर बघण्यासारखी गोष्ट होती.

टीव्हीसाठी दर हंगामात जे डझनांनी निघतात, त्यांच्याबद्दल काय बोलायचं! शहरातली करिअरवाली मुलगी, फोनवर असलेला होणारा नवरा, बर्फाचं गाव, चेक्सचा शर्ट घातलेला माणूस. त्या फोनवाल्याचा गुन्हा इतकाच की तो डिसेंबरमध्ये काम करतो.

अनघाची आवड 'द हॉलिडे', नॅन्सी मेयर्सचा, २००६ चा. त्यातला जॅस्पर आयरिसला सोडतही नाही आणि धरतही नाही. दुसरीशी साखरपुडा जाहीर होतो तरी हिच्याकडून आपलं लिखाण तपासून घ्यायचं चालूच. "तो कधी ओरडत नाही, मारत नाही," अनघा म्हणाली, "म्हणून तर तीन वर्षं तिच्या लक्षात येत नाही. पण सिनेमाला पहिल्यापासून माहीत असतं की हा माणूस बरा नाही. शेवटी ती त्याला दारातून हाकलते तेव्हा मी दरवेळी टाळ्या वाजवते."

संदीपने इथे त्याचा हुकमी पत्ता काढला. "तुम्ही आजची फूटपट्टी लावताय. पाठलाग हा वेगळा गुन्हा म्हणून इंग्लंडच्या कायद्यात २०१२ मध्ये आला, आपल्याकडे २०१३ मध्ये. २००३ च्या माणसाला कुठून सुचणार हे?"

मी म्हणाले, त्याच सिनेमात सुचलंय. एमा थॉम्प्सनची कॅरन आठव. नवऱ्याच्या कोटाच्या खिशात तिने सोन्याची साखळी पाहिलेली असते. नाताळला तिच्या हातात येते ती सीडी. साखळी दुसरीसाठी होती. ती बेडरूममध्ये जाते, गाणं लावते, उभ्या उभ्या रडते, डोळे पुसते, पलंगावरची चादर हाताने सारखी करते आणि हसत पोरांना घेऊन निघते. कॅमेरा तिला सोडत नाही. दुखावलेल्याजवळ थांबणं कर्टिसला चांगलं जमतं. पीटरच्या वाट्याला मात्र तो मिनिटभरही थांबला नाही.

आणि काळाचंच म्हणशील तर १९६० घे. बिली वायल्डरचा 'द अपार्टमेंट', पाच ऑस्करवाला. न्यूयॉर्कच्या विमा कंपनीतला बॅक्स्टर बढतीसाठी आपली खोली साहेबांना त्यांच्या भानगडींसाठी वापरायला देतो. लिफ्ट चालवणारी फ्रॅन त्यातल्याच शेल्ड्रेक नावाच्या विवाहित साहेबाच्या प्रेमात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती त्याच्यासाठी रेकॉर्ड आणते. तो पाकिटातून शंभर डॉलरची नोट काढून देतो, तूच काहीतरी घे म्हणून, आणि बायकापोरांकडे जायला गाडी पकडतो. त्या रात्री ती जीव द्यायला निघते, शेजारचा डॉक्टर वाचवतो. सण तोच, झाड तेच. पण नाताळ आहे म्हणून इथे कुणाला काही माफ नाही. ती नोट आपल्याला तिच्या नजरेने बघावी लागते.

"थांब थांब," संदीप उसळलाच. "बॅक्स्टर काय साधू आहे? ऑफिसच्या विम्याच्या फायलीतून त्याने तिची उंची, वजन, अपेंडिक्सचं ऑपरेशनसुद्धा काढलेलं असतं, आणि तिलाच सांगतो ते! मार्कने असं केलं असतं तर तुम्ही त्याला फाडून खाल्लं असतं."

बरोबर बोलला. तेही वाईटच आहे, आणि सिनेमा ते हसण्यावारी नेतो. मी तसं कबूल केलं.

"पण बॅक्स्टरला पुढे काहीतरी मोजावं लागतं," मेल्विन म्हणाला. "साहेब पुन्हा खोलीची चावी मागतो, फ्रॅनला घेऊन यायचं म्हणून. हा देत नाही. बढती मिळालेली, केबिन मिळालेली, सगळं टाकून निघतो. तेव्हा ती त्याची नाही, होईल असंही त्याला वाटत नाही. मार्कने काय टाकलं?"

"तिला," संदीप म्हणाला. "तिलाच टाकलं की त्याने. पुरे म्हणाला."

"चुंबन घेतल्यावर," रेश्मा म्हणाली, आणि वाद पुन्हा पहिल्या पाटीपासून सुरू झाला.