‘कोंबडीला ॲसिड चारतात’ म्हणे! आत्याला आलेल्या मेसेजला उत्तर

माझ्या आत्याचं मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. प्रथिनं वाढवा, अंडी-चिकन खा, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. परवा तिने ताटातलं चिकन बाजूला सारलं. का, तर मोबाइलवर मेसेज आला. तो थोडक्यात असा: ब्रॉयलरला ४० दिवसांत फुगवायला खाद्यात ‘ॲमिनो ॲसिड’ नावाचं केमिकल घालतात. ते हार्मोनच असतं. ते मांसात साठतं, माणसाच्या हाडातलं कॅल्शियम विरघळवतं, मुलींना लवकर पाळी आणतं. पूर्वीच्या कोंबड्यांना असलं काही लागत नसे, हा सगळा कंपन्यांचा पैसे वाचवायचा धंदा आहे.

मी पंधरा वर्षं कोंबडीखाद्य बनवण्याच्या कामात आहे. असे मेसेज मी आजवर सोडून देत आलो. पण हाड जुळायची वाट बघणारी बाई यापायी प्रथिनं सोडणार असेल, तर गप्प बसवत नाही.

आधी ते ‘ॲसिड’. ॲमिनो ॲसिड, म्हणजे अमिनो आम्लं, ही प्रथिनांची घटकद्रव्यं. रसायनशास्त्राने त्यांना आम्ल हे नाव दिलं म्हणून ती फरशी धुवायच्या बाटलीतलं ॲसिड होत नाहीत. डाळीत तीच, दुधात तीच, आत्याच्या स्नायूंतही तीच. आणि हाडाचं म्हणाल तर कॅल्शियम ज्या जाळीवर बसतं ती जाळी कोलॅजेनची असते, म्हणजे प्रथिनाची, म्हणजे पुन्हा अमिनो आम्लांचीच. ज्याने हाड बांधलं जातं त्यानेच ते विरघळतं, असं हा मेसेज सांगतो आणि लोक तो पुढे पाठवतात!

मग खाद्यात वेगळी घालायची कशाला? ब्रॉयलरचं खाद्य मुख्यतः मका आणि सोयाबीन पेंड. मक्यात लायसिन हे अमिनो आम्ल फार कमी. पेंडीत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल तोकडं. माळ ओवताना लाल मणी संपले की बाकीचे मणी डब्यातच राहतात. तसं एक अमिनो आम्ल कमी पडलं की उरलेली असूनही प्रथिन बनत नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या १९९४च्या तक्त्यात पहिल्या तीन आठवड्यांच्या पिल्लाच्या खाद्यात १.१ टक्के लायसिन आणि ०.५ टक्के मेथिओनिन हवं असं दिलंय. मका-पेंडीतून जेवढं मिळत नाही तेवढं वरून घालायचं. मेथिओनिन टनाला साधारण दोन-तीन किलो पडतं. बाजारात जाईपर्यंत एका कोंबडीच्या पोटात त्यातलं जेमतेम दहा ग्रॅमच्या आसपास जातं.

न घातल्याने काय होतं ते मी बघितलंय. एकदा वजन करताना चूक झाली आणि एका बॅचमध्ये मेथिओनिन पडलंच नाही. दोन-अडीच आठवड्यांत पिल्लं विस्कटलेली दिसू लागली. पाठी उघड्या, पंखांवर पिसं विरळ, आणि एकमेकांची पिसं टोचून खात होती. पिल्लू हातात घेतलं की छातीचं हाड बोटाला लागायचं. पीस बनायला मेथिओनिनसारखी गंधकवाली अमिनो आम्लं लागतात, ती न मिळाल्याची ही दशा.

मांसात ‘साठतं’ हेही खोटं. शरीरात अमिनो आम्लांची कोठी नसते. जास्तीचं मोडलं जातं आणि त्यातला नायट्रोजन युरिक ॲसिड होऊन बाहेर पडतो. कोंबडीच्या विष्ठेवर पांढरा थर दिसतो ना, तोच. मेथिओनिन प्रमाणाबाहेर घातलं तर कोंबडी खाणं कमी करते, वाढ खुंटते. महागाची वस्तू ओतून स्वतःच्याच कोंबड्यांचं नुकसान कोण करील?

हार्मोन तर नाहीच, त्यामुळे पाळीची भीतीही निराधार. वाढीचं हार्मोन हे स्वतःच प्रथिन आहे, खाद्यातून दिलं तर पचून जाईल. मग कोंबडी इतकी वाढते कशाने? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ आणि २००५ सालच्या वाणांच्या कोंबड्या एकाच खाद्यावर शेजारी शेजारी वाढवल्या. हा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. ५६व्या दिवशी वजनं भरली ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, फरक निवड-पैदाशीचा, म्हणजे भराभर वाढणाऱ्या कोंबड्या निवडून त्यांचीच पैदास करत राहण्याचा. ज्याला हार्मोनची शंका आहे त्याने हे तीन आकडे समोर ठेवून बोलावं.

पूर्वीच्या कोंबड्या किडे, गांडुळं, पाला टिपत फिरायच्या, मेथिओनिन त्यातून मिळायचं. विषय संपला.

पैसे वाचतात हे मात्र खरं, नाकारत नाही. अमिनो आम्लं घातली की पेंड कमी लागते. पण त्यामुळे विष्ठेतला नायट्रोजनही घटतो, शेडमध्ये अमोनिया कमी होतो, खाली अंथरलेलं तूस कोरडं राहतं आणि पिल्लांचे तळपाय भाजत नाहीत. मेथिओनिन कारखान्यात रासायनिक पद्धतीने बनतं, हेही खरं. लायसिन मात्र साखरेवर जिवाणू वाढवून, आंबवून काढतात.

वेगाने वाढणाऱ्या वाणांची किंमत कोंबडी मोजते, हेही मान्य. पाय वजन पेलत नाहीत, हृदयावर ताण येतो, छातीच्या मांसात पांढऱ्या रेघा उमटतात. वाढीसाठी दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक्सबद्दल तर जरूर जाब विचारा, त्याने औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात आणि ते माणसापर्यंत पोचतात. आत्याच्या मोबाइलवरच्या त्या लांबलचक मेसेजमध्ये याबद्दल एक अक्षर नाही.