उजेड मोजणाऱ्या मीटरबद्दलच्या 'कॅमेऱ्यात मीटर असताना दुसरा माथी मारला' या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. शनिवारी तुम्हाला दुकानात पाऊण तास ताटकळावं लागलं आणि पालखीचा रोल मनासारखा आला नाही, दोन्हीबद्दल मनापासून माफी मागतो. आजोबांच्या कॅमेऱ्यातला तुमचा तो पहिलाच रोल होता, आणि पालखी काही परत पुढच्या आठवड्यात येत नाही. वाईट मलाही वाटलं.

पण "कॅमेऱ्यात मीटर असताना साडेसात हजारांचा दुसरा मीटर माथी मारला, अडीचशेची बॅटरी टाकून काम झालं असतं, सरळ फसवणूक आहे" हे जे लिहिलंत, ते लागलं. याचं उत्तर सगळ्यांसमोर द्यावंच लागेल. फिल्म कॅमेरा घेणारी मुलं आता दुकानाची पायरी चढायच्या आधी रिव्ह्यू वाचतात, आणि हे दुकान याच कामावर चालतं.

तुमचा कॅमेरा यशिका मॅट १२४जी. वरचं झाकण उघडलं की त्यातला मीटर आपोआप सुरू होतो आणि काटा हलतो, हे बरोबर आहे. पण काटा हलतो म्हणजे तो खरं सांगतो असं नाही. हा मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलसाठी बनवला होता. तो सेल संपेपर्यंत व्होल्टेज धरून ठेवायचा. पाऱ्यावर बंदी आली आणि ते सेल गेले. आज त्याच मापाचा जो अल्कलाइन सेल मिळतो तो १.५ व्होल्टचा, आणि वापरेल तसा उतरत जातो. व्होल्टेज जास्त म्हणून काटा जास्त चढतो, मीटरला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि फोटो अंधारे येतात. कानाच्या मशीनचा झिंक-एअर सेल व्होल्टेजला जवळचा आहे, पण त्याचा स्टिकर काढला की वापरा नाहीतर ठेवून द्या, थोड्या आठवड्यांत संपतो.

एवढंच असतं तर मी तुम्हाला झिंक-एअर सेल देऊन मोकळा झालो असतो. तो सेल घालूनच तुमच्यासमोर तपासलं, आठवून पाहा. दारात उजेडात धरला तेव्हा तुमचा कॅमेरा आमच्या डिजिटल मीटरपेक्षा एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेडात दुपटीचा फरक) चुकत होता आणि आत काउंटरजवळ दोन स्टॉप. चूक सगळीकडे सारखी असती तर एएसएची (फिल्मच्या संवेदनशीलतेची) चकती फिरवून भागवता आलं असतं. सारखी नव्हती, कारण त्यातली उजेड ओळखणारी सीडीएस पेशीच म्हातारी झाली आहे. १२४जी १९७० साली आला, त्यामुळे यात नवल काही नाही. अशा मीटरच्या भरवशावर तुम्हाला पालखीला पाठवलं असतं तर ती फसवणूक झाली असती.

मग पर्याय. ट्रेमध्ये मी तीन गोष्टी ठेवल्या होत्या. कॅमेऱ्यावर बसणारा छोटा नवा मीटर, वापरलेला सेकोनिक एल-३९८, आणि काहीच न घेता मोबाइलचं फुकट अॅप. हो, अॅप मीच सुचवलं होतं. "मोबाइलवर फुकट होतं ते लपवलं" असं लिहिलंत, याचं जास्त दुःख झालं. सेकोनिक तुम्ही निवडलात, कारण त्याला बॅटरीच लागत नाही. त्यातल्या सेलेनियमच्या पेशीवर उजेड पडला की करंट तयार होतो, त्याच करंटवर काटा हलतो. देवळाच्या गाभाऱ्यात तो काटा उठणार नाही, हेही तेव्हाच सांगितलं होतं. सेलेनियम मेलेला मीटर आम्ही विकत नाही. तुमचा मीटर डिजिटलशेजारी धरून तीन ठिकाणी जुळवून दाखवला होता.

आता रोलबद्दल. तुम्ही लिहिलंय, "मीटर वारकऱ्यांकडे रोखून रीडिंग घेतलं तरी चेहरे काळे." गडबड इथेच आहे. एल-३९८ वरचा पांढरा घुमट माणसावर पडणारा उजेड मोजतो. तो माणसाच्या चेहऱ्यापाशी धरून कॅमेऱ्याकडे तोंड करायचा असतो. तुम्ही तो वारकऱ्यांकडे रोखलात, त्यांच्या मागे उघडं आभाळ होतं, म्हणजे घुमटाने आभाळ मोजलं. पालखीत कुणाच्या तोंडाजवळ जाता येत नाही हे मान्य, पण तुम्ही त्याच उजेडात उभे असाल तर जागेवरच घुमट उलट्या दिशेला फिरवायचा. पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या आणि सावळे चेहरे यांच्यासाठी तर हीच पद्धत खात्रीची. मोबाइलचं अॅप परतून येणारा उजेड मोजतं, पांढरं जास्त दिसलं की ते फसतं आणि चेहरे पुन्हा काळेच येतात. बिलाच्या मागे मी लिहूनही दिलं होतं: ४०० एएसएचा रोल, पूर्ण ढगाळ असेल तर शटर १/५०० सेकंद आणि लेन्सचं छिद्र एफ/५.६. बाराच फोटो मिळतात म्हणून लिहिलं होतं.

आणि डब्यातली "भोकं पाडलेली फालतू पट्टी" कृपा करून टाकू नका. कडक उन्हात ती घुमटामागच्या खाचेत घालायची, उजेड बत्तिसाव्या हिश्श्यावर येतो आणि मग चकतीवर 'एच'ची खूण वापरायची. ती वेगळी विकत मिळणं अवघड आहे.

शनिवारच्या गर्दीचं काहीतरी करतो आहोत, आणि मीटरसोबत मराठीत माहितीचा कागदही देऊ.

सोमवार सोडून कधीही या. मीटर, कॅमेरा आणि निगेटिव्ह घेऊन या. निगेटिव्हमध्ये चेहऱ्यांचा तपशील थोडा जरी असेल तरी पुन्हा स्कॅन करून देतो, पैसे घेणार नाही. मीटर चुकतोय असं तुमच्यासमोर दिसलं तर साडेसात हजार तिथेच परत. नाही दिसलं, तर स्टार तुम्हाला द्यायचे तेवढेच ठेवा, पण 'फसवणूक' हा शब्द तेवढा काढा, ही विनंती.