प्रकाश आपला, अंधार समोरच्याचा

गाडी घेतली की पहिलं काम करायचं ते म्हणजे हेडलाइटचे मूळ बल्ब काढून टाकायचे. ज्या इंजिनीअरांनी ते निवडले, ते रात्री बहुधा घरीच बसत असावेत. एच-४ हॅलोजन, ६०/५५ वॅट, उजेड पिवळट. त्या बल्बात दोन तारा असतात आणि डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी. खाली जाणारा प्रकाश रिफ्लेक्टरवर आपटून वर, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून ती तो अडवते. म्हणजे बॅटरी आपली, बल्ब आपला, आणि अर्धा उजेड एका परक्या माणसाच्या सोयीसाठी आतल्या आत दाबायचा!

तेव्हा त्या जागी ६००० केल्विनचा निळसर पांढरा एलईडी ठोका. रिफ्लेक्टरचा आकार मूळ तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो, प्रकाश एखाद-दोन मिलिमीटर सरकून निघाला तरी किरण वाट्टेल तिकडे भरकटतात, असं जाणकार सांगतील. भरकटू द्या. गाडीच्या नाकासमोरचा डांबराचा तुकडा असा लखलखतो की त्यापलीकडचं काही दिसेनासं होतं. पण इतकं लांबचं बघून करायचंय काय?

स्टिअरिंगच्या आसपास ० ते ३ आकड्यांचं एक छोटं चाक असतं, तेही विसरून जा. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं बूड दबतं, नाक वर होतं आणि दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडू लागतात. तेव्हा ते फिरवून झोत खाली आणायचा असतो म्हणे. बहुतेक गाड्यांत ते जन्मभर शून्यावर असतं. परंपरा मोडू नये.

ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारा माणूस सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे सरकतो. तुमच्या झोताने दिपलेले त्याचे डोळे सावरायला काही सेकंद लागतात. तेवढा रस्ता तो निव्वळ श्रद्धेवर कापतो. वयस्कर माणसांच्या डोळ्यांतलं भिंग धूसर होत जातं, त्यात प्रकाश आणखी विखुरतो आणि त्यांना जास्त वेळ लागतो. त्यांनी अंधार पडायच्या आत घरी जावं, आपण काय करणार? कोणी अप्पर-डिपर मारलाच, तर आपणही फुल बीम टाकावा. रस्त्यावर संवाद हवाच.

हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, आणि उन्हाने त्याचा वरचा थर मरतो. पॉलिश करून काम भागतं. इतका साधा उपाय करण्यात मजा नाही. आणखी जोरकस बल्ब लावा.

देखभालीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. करू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं; डॉट-४ प्रतीचं कोरं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावं म्हणतात. पण डबीत पातळी दिसते, पाणी दिसत नाही. शिवाय लांबच्या उताराला ब्रेक बसेनासा होईल तेव्हा गाडी कोणाची असेल, हे तुमच्या हातात आहे.

गाडी विकताना, समोरच्याला काही दिसू न देण्याची रात्रीच्या रस्त्यावर लागलेली सवय कामी येते. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांचा हाच बाजार उदाहरण म्हणून घेतला. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा धास्तीने सगळ्याच गाड्यांना पडता भाव देतो, चांगल्या गाडीचा मालक वैतागून बाजारातून उठतो आणि मागे डबडी उरतात. २००१ मध्ये त्यांना नोबेल विभागून मिळालं. दलालांना काहीच मिळालं नाही, त्यांचं तर प्रात्यक्षिक कधीपासून चालू होतं.

मीटर मागे घेतलेलं असेल तर ब्रेक पेडलच्या रबराकडे बघा. गुळगुळीत झालेलं रबर आणि कोवळं रनिंग एका गाडीत नांदत नाहीत. नवंकोरं रबर बसवलंत तर तेही बोलतं, हा या धंद्यातला खरा पेच. टायर ‘आत्ताच टाकलेत’ म्हणायचं असेल तर कडेवरचे चार आकडे झाका: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सुदैवाने ते बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवा. थंड इंजिन पहिल्याच स्टार्टला धूर, खडखड आणि बॅटरीचं वय सगळं ओकतं. डॅशबोर्डवर इंजिनच्या बिघाडाचा दिवा लागत असेल तर त्याची नोंद गाडीच्या संगणकातून पुसून टाका. त्यानंतर गाडीच्या संगणकाच्या चाचण्या काही काळ अपूर्ण दिसतात, पण स्कॅनर लावून बघणारा खट्याळ माणूस आलाच तर गाडी दुसऱ्याला दाखवा.

गाडी गेली की तुम्हालाही गाडी लागणार, आणि तीही जुनीच. तुम्ही बघायला जाल तेव्हा बोनेट गरम असेल. याला आदरातिथ्य समजा. ‘सिंगल हँड आहे, इंजिनला हातसुद्धा लावलेला नाही’ हे वाक्य ओळखीचं वाटेल; तुम्हीच गेल्या आठवड्यात म्हणालेलं असाल. मेकॅनिक सोबत नेऊ नका, विकणाऱ्याचं मन दुखावतं. आत अत्तराचा घमघमाट असेल तर गाडी पुरात बुडाली होती का, असं विचारणं अगदीच उद्धटपणाचं. सीटबेल्टच्या पट्ट्याच्या टोकाला गाळाची रेघ सापडते असं ऐकलं असलं, तरी व्यवहार ठरायच्या आधी परक्याच्या गाडीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघणं काही बरं दिसत नाही.